धुरात आलेला पहिला नंबर

तुम्हीच सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? वीस वर्षांच्या दोस्तावर, की स्वतःच्या डोक्यावर? मी एकाच दिवशी दोघांवर ठेवला. त्यातून जी फजिती झाली ती अर्ध्या पनवेलला ठाऊक आहे, म्हणून तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. चहा घ्या, सांगतो.

आमची पोह्यांची गिरणी. मी सातवी पास. इंग्रजी शिकलो ते पोत्यांवरचे छापे आणि बिलं वाचून. त्या काळात एका विमान कंपनीला आमचे पोहे जायचे. आमच्याकडचा विमानतळ तेव्हा कागदावरच होता. कंपनीचं स्वयंपाकघर मुंबईच्या विमानतळाजवळ, आणि सकाळच्या विमानात जे कांदेपोहे मिळत, त्यातले पोहे आमचे. रोज एक टेम्पो. हे गिऱ्हाईक गेलं असतं तर चौदातली सात माणसं घरी बसली असती, एवढं ध्यानात ठेवा.

एक दिवस कंपनीकडून फॉर्म आला. फॉर्म भरून भरून मी आधीच थकलेला. वजनमापाचा वेगळा, कामगारांचा वेगळा, भेसळीचा वेगळा, आणि आता हा. वर लिहिलेलं, 'कार्बन' अमुकतमुक. मला कार्बन माहीत तो बिलबुकात घालायचा निळा कागद. पण खालचे प्रश्न कळले. टेम्पोला रोज किती लिटर डिझेल लागतं? जनरेटरला किती? भट्टीत काय जाळता?

आता मला सांगा, आजवर माझ्या डिझेलची चौकशी फुकट कुणी केली होती का?

फॉर्म घेऊन गेलो हसनमियांकडे, त्याच वीस वर्षांच्या दोस्ताकडे. एसटी स्टँडसमोर त्यांचं विमानाच्या तिकिटांचं दुकान. अकरा वर्षं दुबईत काढलेली, त्यामुळे विमान म्हटलं की बाजारात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी चष्मा लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी बघितला. मागची बाजू कोरी होती, तीही बघितली.

"शेठ, तिकिटावर फ्यूएल सरचार्ज असतो, ठाऊक आहे?"

"म्हणजे काय?"

"इंधनाचा जादा आकार. प्रवाशांकडून वसूल करतात. मग पोहे पोचवायला ज्याचं डिझेल जळतं, त्यालाही त्यातून काही द्यायला नको? नियत साफ आहे कंपनीची. भरपाई देणार."

"मग किती लिहू?"

"ते मी कसं सांगू? टेम्पो तुमचा, इमान तुमचं. पण कमी लिहून कुणाचं भलं झालंय, शेठ?"

टेम्पोला लागायचं आठ लिटर. मी लिहिलं तीस. लोडशेडिंगचे दिवस होते, म्हणून जनरेटरचं तिप्पट केलं. भट्टीत आम्ही भाताचं तूस जाळतो. पण भट्टीचा धूर म्हटलं की कुणीतरी तपासायला येतं. तिथे लिहिलं, 'काही नाही'. वर गिरणीचा शिक्का मारला, दोनदा.

दोन महिन्यांनी पत्र आलं. लांबलचक इंग्रजी. त्यात मला दोन गोष्टी कळल्या: आमच्या गिरणीचं नाव आणि 'हायेस्ट'. कंपनीला माल देणाऱ्या सगळ्या लोकांत आपण सर्वांत वर. शेवटी लिहिलेलं, अमुक तारखेला आमच्या मॅडम भेटायला येतील.

मी पाच किलो पेढे वाटले. हसनमियांनी दोन घेतले आणि म्हणाले, "मुबारक हो शेठ. आम्हाला विसरू नका."

साने मॅडम आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. मी हार घातला, नारळ दिला. त्या हार हातात घेऊन उभ्याच.

"काका, पत्र वाचलंत ना?"

"वाचलं तर. तुमची कृपा."

"तुमचा धूर सगळ्यांत जास्त निघालाय. कंपनी दरवर्षी आपल्या धुराचा अहवाल काढते, त्यात माल देणाऱ्यांचाही धूर मोजते. साहेब म्हणताहेत, हे पोहे बदला."

मी खाली बसलो. मग राग आला. म्हटलं, "तुमची विमानं ढगात जाऊन धूर सोडतात, आणि माझा टेम्पो जास्त?"

"विमानांचाही लिहितो आम्ही, काका. त्यात कुणी भर घालत नाही. मला एवढंच सांगा, तुमचा टेम्पो मुंबईला जाण्याआधी रोज महाडला जाऊन येतो का?"

मी काही बोलायच्या आत आमचा ड्रायव्हर बाळाराम पुढे आला. जवळच्या गव्हाण गावचा माणूस, खोटं त्याच्या तोंडात टिकत नाही.

"म्हाडला कशाला, म्याडम? आट लिटरचं काम हाय. शेट डिजल देतान तेच तीर्थ देल्यासारका."

मॅडमनी आठ लिहून घेतलं. "आणि भट्टीत काहीच जाळत नाही? मग पोहे भाजता कशावर?"

"उन्हावर," मी म्हणालो.

भट्टीचं धुराडं बरोबर त्यांच्या डोक्यावर धूर सोडत होतं. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे.

"तूस आहे ना, काका? अहो, ते का लपवलंत? त्याचा रकाना वेगळा असतो. भाताचं तूस भातच भाजायला वापरता, त्याचा धूर डिझेलसारखा तुमच्या नावावर धरत नाहीत. हेच तर आम्हाला हवं होतं."

म्हणजे बघा. जे फुगवायचं नव्हतं ते फुगवलं, आणि जे सांगायचं होतं ते दडवलं. हुशारी दोन्हीकडे केली. नवा फॉर्म मॅडमनी समोर बसून भरून घेतला. प्रत्येक आकडा मी सांगायचा आणि त्या बाळारामकडे बघायच्या. त्यानं मान हलवली की लिहायच्या.

गिऱ्हाईक टिकलं. सातही माणसं कामावर राहिली. नव्या यादीत आमचा नंबर शेवटून दुसरा आला, आणि धुराच्या यादीत खालचा नंबर हाच मान. पण आता बाजारात हे कसं सांगू? पहिला आलो म्हणून पेढे वाटलेले. शेवटून दुसरा आलो म्हणून काय वाटू?

बाळाराम अजून मधूनच विचारतो, "शेट, ते वरचं बावीस लिटर माझ्या टेंपोत व्हतं, मना कदी दिसलं नाय."

तेव्हा एक विनंती. हिशेब पैशाचा असो की धुराचा, जसा आहे तसा लिहा. आणि असला फॉर्म तुमच्याकडे आला तर माझ्याकडे आणू नका. हसनमियांकडे तर नकोच. बाळारामला दाखवा.