शीलाचा मोर उघडेना

“डोंगरेंच्या शीलाचं काम तं बंदच झालं व. पंडरीच्या सेठनं थे दुसऱ्याच कोणाले...”

भाजीच्या ठेल्यावर एवढंच कानावर पडलं, आणि नेमका तेव्हाच भाजीवाल्यानं भोंगा सुरू केला. पुढचं वाक्य कांदे-बटाट्यात गेलं. बोलणारी बाई स्कूटीवर बसून निघूनही गेली.

अशी अर्धी वाक्यं माझ्याकडे ढीगभर जमली आहेत. लोक मला चौकस म्हणतात. वाक्य अर्धं राहिलं की मला जेवण जात नाही, त्याला मी काय करू? पण शीलाच्या कम्प्यूटरचे किस्से मी स्वतः तिथं बसून पाहिले आहेत. एक सोडून.

*

शीलाची आणि आमची भिंत एकच. तिच्या समोरच्या खोलीत कशिद्याची मशीन आहे. कम्प्यूटरवर चित्र बनवायचं, पेन ड्राइव्हमध्ये घ्यायचं, मशीनला लावायचं, की मशीन ब्लाउजच्या बाहीवर मोर काढून देते. इतके दिवस ती गल्लीतल्या बायांचेच ब्लाउज करायची. यंदा पहिल्यांदा पंडरीच्या कापडबाजारातल्या सेठनं लग्नाच्या सीझनचं मोठं काम देऊ केलं. अट एकच, सोमवारी मोराचा नमुना दाखवायचा.

मी ठेल्यावरून थेट तिच्याकडे.

“काम बंद झालं म्हणे?”

“कोण म्हणते? काम नाही वहिनी, कम्प्यूटर अडला हाय. दसरा झाला तवापासून चित्र काढायचं सॉफ्टवेअर उघडूनच नाही राहिलं. क्लिक केलं की चक्री फिरते अन् गायब. मोर त्यातच अडकला. कम्प्यूटर तं चालू हाय.”

“चालू हाय पण उघडत नाही? मंजे आमच्या यांच्यासारखा झाला.”

शीला हसली नाही. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे. तो शनिवार होता.

*

पहिले आले गल्लीतले बोरकर काका. रेल्वेत सिग्नलमध्ये होते, आता रिटायर आहेत. अजूनही टेस्टर खिशात ठेवतात. त्यांनी सगळ्या वायरी काढल्या, एकेक पुसली, परत लावली. चक्री फिरली अन् गायब.

मग त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन पाहिली.

“हे तं विंडोज नाही दिसून राहिलं.”

“लिनक्स हाय काका. कम्प्यूटर जुना झाला ना, तं पल्लवीनं टाकून देलं. याच्यावर हलका चालते म्हणे.”

काकांनी टेस्टर खिशात ठेवला. चहा पूर्ण प्यायले. उठताना म्हणाले, “पोरी, हे माझ्या सेक्शनमध्ये येत नाही.”

*

पल्लवी म्हणजे शीलाची लेक, पुण्याला नोकरीला आहे. या हिंदी मुलखात वाढली, म्हणून मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. फोन स्पीकरवर ठेवला.

“मम्मी, पहले टर्मिनल खोलो.”

शीलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “टर्मिनल मंजे बस स्टँड ना व?”

“आंटी, वो काली वाली खिड़की.”

काळी खिडकी उघडली. पल्लवीनं काहीतरी लिहायला लावलं, मग म्हणाली, पासवर्ड डालो. शीला बोटं आपटत होती, पण खिडकीत एक अक्षर उमटेना.

“पल्लवी, मी लिहून राहिली, पण दिसूनच नाही राहिलं.”

“दिखता नहीं है मम्मी. बाजू में कोई बैठा हो, तो उसको न दिखे, इसलिए।”

शीला माझ्याकडे बघेना, मी पंख्याकडे बघू लागले. लिनक्स बनवणाऱ्याच्या शेजारीही कोणीतरी माझ्यासारखं राहत असणार.

*

“पहले खोला हुआ सॉफ्टवेयर अंदर अटका होगा. उसको किल कर दो।”

“सणासुदीत किल नाही करत मी कोणाले.”

“मम्मी, बंद करने को ही किल बोलते हैं!”

शीलानं आधी हात जोडले, मग एंटर दाबलं. उपयोग झाला नाही. पल्लवीनं फोनवर एवढा मोठा श्वास सोडला, की पुण्याची हवा इकडं लागली.

*

रविवारी दुपारी पुन्हा बसलो. पल्लवी म्हणाली, आइकनच्या चित्रावर क्लिक करायचंच नाही. काळ्या खिडकीत त्या सॉफ्टवेअरचा पूर्ण पत्ता लिहा, म्हणजे ते स्वतःच्या तोंडानं सांगेल काय दुखतं ते.

शीलानं लिहिलं, मी मोठ्यानं वाचलं. दहावीचं इंग्रजी आहे, पण खणखणीत आहे. “नो सच फाइल.”

“मतलब वहाँ है ही नहीं. आंटी, फोल्डर के नाम पढ़ो।”

“डाउनलोड्स. पिक्चर्स. म्युझिक. श्री कशीदा.”

“रुको. क्या कशीदा?”

“श्री.”

“मैंने तो सिर्फ कशीदा रखा था. मम्मी?”

शीला पदर सावरत म्हणाली, “दसऱ्याले मशीनची पूजा केली, कात्रीची केली, मंग याची नको? नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहितो आपण. आता याले पान कुठं हाय? लग्नपत्रिकेच्या फाइलीतून श्री उचलली अन् फोल्डरच्या नावावर चिकटवली.”

पल्लवीनं कपाळावर हात मारलेला फोनवर ऐकू आला. मग हळूच म्हणाली, “मम्मी, आपने उसके घर का नाम बदल दिया. आइकन बेचारा पुराने पते पर जा रहा है।”

*

आता श्री खोडली की काम झालं. दोन सेकंदाचं काम. पण शीला हलेना.

“दसऱ्याची श्री खोडत नसतात.”

“मम्मी, कल सोमवार है!”

“म्हणूनच.”

मायलेकी पंधरा मिनिटं भांडल्या. एक मराठीत, दुसरी हिंदीत. शेवटी पल्लवी हरली. म्हणाली, ठीक है, श्री रहने दो, आइकन को नया पता सिखाते हैं. शीलानं नवा पत्ता लिहिला, क्लिक केलं. चक्री फिरली अन् गायब.

मी पाहत होते. पाहणं हेच माझं काम. मी म्हटलं, “पल्लवी, श्री अन् कशीदाच्या मधात जागा सुटली हाय. थो श्रीपाशीच थांबून राहिला असेल, पुढं जात नसेल.”

“आंटी! पूरे पते को डबल कोट में डालो।”

“मंजे अवतरण चिन्ह?”

“हाँ वही।”

शाळेत बाईंनी शिकवलं होतं, कोणाचं बोलणं असलं की दोन्हीकडून अवतरण चिन्ह. इतकी वर्षं मी लोकांचं बोलणं ऐकत आले, पण चिन्ह द्यायची वेळ त्या दिवशी आली. शीलानं चिन्हं दिली. क्लिक केलं.

मोर उघडला. पूर्ण पिसाऱ्यासकट. शीला रडायलाच लागली, अन् पल्लवी तिकडून विचारत होती, “खुला क्या? कोई बताओ तो!” मी भिंतीवर थाप मारून आमच्या यांना बोलावलं. ते आले, मोर पाहिला, म्हणाले, “चांगला हाय.” आमच्या घरात एवढं कौतुक दिवाळीलाही होत नाही.

*

सोमवारी मीही पंडरीला गेले. सेठनं नमुना उजेडात धरला, बोट फिरवलं, खूश झाला. मग म्हणाला, “बहनजी, शनिवार को आपका फोन आया कि कम्प्यूटर अड़ा है, तो आधा काम मैंने बीरगांव की दुलारी को दे दिया. बाकी आधा आपका।”

म्हणजे ठेल्यावरची बातमी अर्धी खरी आणि अर्धी खोटी. काम दुसरीकडे गेलं होतं खरं, पण अर्धंच. बंद तर काहीच झालं नव्हतं.

*

दोन दिवसांनी आमच्या फाटकापाशी एक बाई उभी. गळ्यात काळ्या दोऱ्यात पेन ड्राइव्ह.

“दीदी, वो कम्प्यूटर खोलने वाली मैडम कहाँ रहती हैं? मैं बीरगांव से आई हूँ. दुलारी।”

मी बोट दाखवलं. दुलारी आत गेली आणि शीलानं दार लावून घेतलं. माझ्यासमोर, दिवसाढवळ्या. मी तीनदा कपडे वाळत घातले, दोनदा काढले. दीड तासानं दुलारी कपाळाला कुंकू लावून हसत बाहेर आली. शीलाला विचारलं तर म्हणते, “काही नाही वहिनी, चहा पेली.”

माल द्यायच्या दिवशी दोघी एकाच वेळी पंडरीला पोचल्या. मी होतेच. सेठनं दोघींचा एकेक ब्लाउज गादीवर शेजारी ठेवला. एकदा या मोराकडे पाहिलं, एकदा त्या.

“दो घर, दो मशीन. और मोर की आँख तक एक?”

शीला छताकडे पाहू लागली.

दुलारीनं गळ्यातला पेन ड्राइव्ह चाचपत मान डोलावली, “हव.”