शमीमचाचीचा जबडा

मी मेकॅनिकलचा माणूस. कुणी भुताखेताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी चहाला उठायचो. अजूनही उठतो... पण ही एक गोष्ट मला उलगडली नाही, म्हणून इथे लिहितोय.

तेव्हा मी अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवत होतो आणि पीएच.डी. करत होतो. विषय – जबड्याच्या सांध्याचं कॉम्प्युटर मॉडेल. कानापुढचा हा सांधा बिजागरीसारखा फिरतो, शिवाय पुढे सरकतोही. किती फिरेल, किती सरकेल, ही बंधनं सॉफ्टवेअरमध्ये आपण घालायची. मग स्नायूंचा जोर दिला की पडद्यावरचा जबडा हलतो.

गाव माझं दर्यापूर. आमच्या भाजीच्या मळ्याला लागूनच रहीमचाचांचं घर. कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये, यंत्रांच्या आवाजात काम करून चाचांचे कान पार गेलेले, आणि कापसाच्या त्या वाईट वर्षांत जिनिंगही बंद पडलं. शमीमचाची बोलायची आणि चाचा तिच्या तोंडाकडे बघून समजून घ्यायचे. बाकी कुणाचं त्यांना धड कळत नसे. मग एकदा चाची बसलेली जीप उलटली. चाचीची हनुवटी आपटली, आणि पुढे सांध्याची हाडं एकमेकांना चिकटून जबडा मिटला तो मिटलाच. स्ट्रॉनं वरणाचं पाणी प्यायची. मिटल्या दातांतून ती बोलायची ते आम्हाला ऐकू यायचं, चाचांना मात्र दिसायचं नाही. लिहिता तिला येत नव्हतं. तीन वर्षं दोघं एका घरात गप्प!

अकोल्याच्या सर्जननी ऑपरेशन ठरवलं. त्यांना दाखवायला मी चाचीच्या स्कॅनवरून मॉडेल केलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास चाचा नव्या स्कॅनची सीडी घेऊन लॅबमध्ये आले. मी मॉडेल दाखवलं, कागदावर लिहिलं – ‘हा सांधा जाम आहे.’ मॉडेलमध्येही सांधा लॉक ठेवूनच रन दिला, म्हणजे मॉडेल चालवलं. काही हललं नाही, हलणारच नव्हतं. मी पाणी आणायला वळलो...

“बेटा, थांब!”

जबडा हलत होता. उघडत होता, मिटत होता, मध्येच जरा पुढे सरकत होता. मी लॉक तपासला – लागलेला. रन थांबवला. तरी हलतोय!

चाचा पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले. पडद्यावर नुसती हाडं, ना ओठ ना जीभ.

“शमीम बोलून राहिली,” ते म्हणाले. “चाळीस सालांपासून पाहून राहिलो मी हे हनुवटी. म्हणते, खाना खा के निकलो, धूप बहुत है.” आणि हसत, डोळे पुसत पडद्यालाच म्हणाले, “हौ, खातो ना! खातो!”

मग जबडा थांबला.

दहा मिनिटांनी माझा मोबाईल वाजला. चाचांचा जावई होता. चाची अंगणात बसल्या बसल्या गेली... नुकतीच. डॉक्टर नंतर हार्ट अटॅक म्हणाले.

चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘सांधा जाम आहे’ लिहिलेल्या त्याच कागदावर, त्याच्या खाली, मला ते लिहावं लागलं. 

नंतर मी सेव्ह झालेली फाइल उघडली. जबड्याचा कोन पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. माझे गाइड म्हणाले, ग्राफिक्स कार्डाची गडबड असेल. असेलही. चाचांना शब्दांचा भास झाला असेल. पण हलताना तर मीही पाहिलं होतं...

चाचीच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर चाचा पुन्हा आले. “एकदा लाव ना, बेटा.”

लावलं. दहा वेळा, वीस वेळा. काही नाही.

“बांधून ठेवलं तू तिले. सोड ना.”

मी लॉक काढला, रन दिला. जबडा छान उघडला, मिटला, पुन्हा उघडला. चाचा बराच वेळ बघत राहिले.

“हे ते नाही. हे तू करून राहिला,” ते म्हणाले. “मंग त्या दिवशी कोन करून राहिलं होतं?”

मी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे, कोरा.