ओव्हरक्लॉक केलेला लॅपटॉप आणि आत्याचे वाल

वडिलांच्या साठीला चाळीस मिनिटांची फिल्म दाखवणार, असं मी सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं, तेव्हा मला फिल्म बनवता येत नव्हती.

वडिलांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. जन्म उमेळ्याचा, वाडीत वाढलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी आयुष्यात माझ्या एकाही कामाला चांगलं म्हटलेलं नाही. दहावीचा निकाल दाखवला, "बरं." नोकरीचं पत्र दाखवलं, "बरं." लग्न ठरवून निशाला घरी आणलं तेव्हा मात्र म्हणाले, "चांगली आहे." पण ते तिच्याबद्दल होतं! तेव्हा या फिल्मच्या निमित्ताने भाऊंच्या तोंडून माझ्यासाठी एक तरी 'चांगलं' काढायचंच, असा मी चंग बांधला.

मी सातिवलीला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर. मालकांनी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला. (तो टाकून द्यायलाही दोन माणसं लागली असती.) तो सुरू करून स्वयंपाकघरात जावं, चहा करावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा आणि परत यावं, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. बॅटरी दहा मिनिटं टिकायची, तीही त्याची मर्जी असेल तर.

तीन आठवडे खपून मी फोटो स्कॅन केले, गाणी भरली, भारदस्त आवाजात निवेदन केलं. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं बटण दाबलं. आता लॅपटॉपने हे सगळं शिवून एकसंध फिल्म करायची होती. पडद्यावर आकडा आला : अकरा तास!

आता पंचाईत अशी, की तेव्हा वसईत रोज न चुकता वीज जायची, रात्रीसुद्धा. शनिवारी ती सकाळी अकराला येणार आणि संध्याकाळी सातला जाणार. म्हणजे हातात तास आठ, आणि मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कार्यक्रम रविवारी दुपारी.

मी कारखान्यातल्या प्रफुल्लला फोन लावला. कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं, असं तो स्वतः सांगायचा.

"टेन्शन कशाला घेतो? ओव्हरक्लॉक मार ना!" प्रफुल्ल म्हणाला.

"म्हणजे?"

"प्रोसेसर ठरलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवायचा. सीडी देतो, त्यात प्रोग्रॅम आहे. एक पट्टी दिसेल, उजवीकडे सरकव. अकराचे सात तास!"

"काही होणार तर नाही ना?"

"थोडा गरम होईल. हवा खेळती ठेव, बस."

निशाला हे सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. "अहो, त्याला नुसतं उघडलं तरी धाप लागते. त्याला पळवताय कुठे?"

"चारच तास वाचवायचेत गं."

"मग चार तासांची फिल्म कमी करा! चाळीस मिनिटं कोण बघणार आहे?"

कलेची जाण नसलेल्या माणसांशी वाद घालू नये, म्हणून मी सीडी आणायला प्रफुल्लकडे निघालो.

शनिवारी सकाळी उमेळ्याहून आत्या आली. ही भाऊंची धाकटी बहीण. भाऊंना वालाचं बिरडं तिच्याच हातचं लागतं. रविवारी कार्यक्रमाच्या हॉलमध्ये केटररचं जेवण असलं तरी भाऊंच्या पानात बिरडं तीच वाढणार होती. त्यासाठी तिने भिजवलेल्या वालांची ओली पुरचुंडी पिशवीतून काढली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय ही थंडी मेली! काल बांधून ठेवलेत, पन मोड म्हनून नाय. उद्या दादाला काय वाढू? साठीच्या दिवशी बिनमोडाचं बिरडं?"

मला तिच्या वालांकडे बघायला सवड नव्हती. बरोब्बर अकराला वीज आली. मी घरातल्या टेबलावर चार वाट्या पालथ्या घातल्या आणि खालून हवा खेळावी म्हणून त्यांच्यावर लॅपटॉप ठेवला. शेजारी टेबलफॅन लावला. पट्टी उजवीकडे सरकवली. (प्रफुल्लने अर्ध्यापर्यंत सांगितलं होतं. मी टोकापर्यंत नेली. काम भाऊंचं होतं!) लॅपटॉपच्या आतला पंखा घरघरू लागला, आणि आकडा अकरावरून साडेसहावर आला! मी निशाला मुद्दाम हाक मारून तो दाखवला. ती "हं" म्हणाली. हे माझ्या घरात सगळ्यांनाच जमतं.

घरातल्या सगळ्यांना मी बजावलं, "याला कोणी हात लावायचा नाही! बंद करायचा नाही! हलवायचा नाही!" आणि कार्यक्रमाच्या हॉलवरच्या पडद्याची व्यवस्था बघायला निघून गेलो.

यातली एकही गोष्ट आत्याने केली नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

साडेतीनला परत आलो तर टेबलावर लॅपटॉप नव्हता. तिथे एक गोधडी होती. नीट, चारी बाजूंनी खोचलेली. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून भिंतीला वारा घालत होता.

"आत्या! हे काय?"

"हळू बोल की. वाल आहेत आत."

"लॅपटॉप कुठे आहे?"

"तोपन आतच आहे. त्याला मी हातसुद्धा लावला नाय. बाजूने काय मस्त ऊन ऊन वाफ येत होती रे! म्हटलं, फुकट कशाला घालवायची? वाटीच्या मापाची जागापन तू खाली करून ठेवलेली. पुरचुंडी सारली आत आनि वरून गोधडी घातली."

"आणि पंखा?"

"वारा लागला तर मोड येतात व्हय?" आत्याने मलाच विचारलं.

मी गोधडी उचलली. आतून जी वाफ आली तिला कडू वास होता, आणि त्यात आणखी एक वास होता, तो वालांचा नव्हता. पडदा काळा होता. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मालकांनी दिलेला लॅपटॉप गेला होता!

आत्याने पुरचुंडी सोडली. "अगं बाय! निशा, इकडं ये! बग कसे टरारून आलेत!" तळाचे मूठभर वाल अर्धे शिजले होते. पण बाकीच्यांना असे मोड आले होते, की आत्याने लॅपटॉपला हात जोडले.

मग तिचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं. "काय झालं रे? बंद पडला? मी केलं काय?" आणि तिचे डोळे एकदम भरून आले. मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडणार काय? पट्टी टोकापर्यंत मीच नेली होती.

संध्याकाळी प्रफुल्लने लॅपटॉपचे स्क्रू काढले, आतली हार्ड डिस्क उचलून घरी नेली आणि तासाभराने फोन केला. "शिवून झालेला तुकडा मिळाला. सहा मिनिटं. बाकी फाइल उघडतच नाही, बॉस."

रविवारी पडद्यावर फिल्म सुरू झाली तेव्हा मी हॉलच्या दारापाशी उभा होतो, पळायला सोपं पडावं म्हणून. वाडीतली विहीर आली, अर्ध्या चड्डीतले भाऊ आले, पहिल्या पगाराची सायकल आली. मग भाऊ आणि आई, नव्या फ्लॅटच्या उंबऱ्यावर, किल्ली दोघांच्या हातात. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. माझा आवाज म्हणाला, "आणि मग..." आणि पडदा काळा झाला.

हॉलमध्ये कोणी हललं नाही. मी डोळे मिटून घेतले. आणि टाळ्या पडल्या! भाऊ चष्मा पुसत होते. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाले, "चांगली केलीस. तिथंच थांबवलीस, ते फार चांगलं केलंस."

एक नाही, दोनदा! नायगावचे काका पाठ थोपटत म्हणाले, "लोकांना कुठे थांबायचं ते कळत नाही रे. तुला कळलं!" मी विनयाने मान खाली घातली. पुढच्या चौतीस मिनिटांत माझी मुंज, माझी स्कूटर, कारखान्याच्या कॅरम स्पर्धेत मला मिळालेलं दुसरं बक्षीस आणि या सगळ्यांवर माझंच निवेदन होतं, हे मी आजतागायत भाऊंना सांगितलेलं नाही. कुठे थांबायचं हे आमच्या घरात एकालाच कळलं होतं, आणि त्याला मी पट्टी टोकापर्यंत सरकवून मारलं.