फोन ठेवा, सायकल न्या

नांदेडच्या स्टेशनामागे सायकली भाड्याने देणाऱ्या त्या चाचांचं नाव मी विचारलंच नाही. लातूरहून आम्ही तिघी मैत्रिणी दोन दिवस भटकायला आलो होतो. चाचांनी प्रत्येकीच्या हाताची लांबी फडक्याने मोजली, त्याप्रमाणे सीट वर-खाली केली आणि मग पत्र्याचा डबा पुढे धरला.

"पैसे नगं. अनामत म्हणून फोन ठेवा."

मी कुरकुरले. सुट्टीतही आमच्या ऑफिसातले साहेब तासातासाला फोन करतात, असं त्यांना सांगितलं.

"म्हणूनच ठेवा. त्यो वाजला की सायकल थांबती."

मग रस्ता माणसांना विचारत निघालो. तीनदा चुकलो, गोदावरीच्या घाटावर पाय बुडवून बसलो आणि उतारावर चाळिशीतली मी हँडल सोडून चक्क ओरडले.

संध्याकाळी परतलो, तर चाचा डबा मांडीवर घेऊन बसलेले.

"तुमच्या साहेबांचा पाच येळा फोन आला. म्या उचलला. म्हणलं, बाई सायकलीवर हायेत."

मी डब्यातला फोन हातात घेतला. "चिडले का?"

"पयल्यांदा लई चिडले. मग घाट कसा हाय ते इचारलं. पाचव्या येळेला म्हणले, माझ्या मापाची सायकल हाय का?"

"मग?"

चाचांनी खांद्यावरचं फडकं झटकलं. "म्हणलं, हात मोजल्याबिगर कसं सांगू? या की नांदेडला!"