डोळ्यांचे चढलेले कोपरे

माझ्या डोळ्यांचे बाहेरचे कोपरे जन्मापासून वर चढलेले. नुसतं बघितलं तरी माणसाला वाटायचं, ही बया आता खेकसणार. खेकसायची मी, नाही असं नाही, पण कारण असेल तेव्हाच.

वडिलांच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून चंदीगडला आलो आणि मला एका कॉलेजच्या ग्रंथालयात, पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर नोकरी लागली. ती जागा म्हणजे माझा जीव की प्राण. पण वर्षभरात तक्रारींवर तक्रारी: मॅडम घूरती हैं. कामात चूक एकही नाही, फक्त बघणं. मुख्य ग्रंथपालांनी 'बेटी, बेटी' करत मला मागच्या खोलीत लेबलं चिकटवायला बसवलं. तिथे धड खिडकीसुद्धा नव्हती. घरी येऊन मी ढसाढसा रडले, मग भयंकर चिडले.

इथल्या इस्पितळात नागपूरचे एक सर्जन होते, गणपतीत आरतीला भेटायचे. त्यांना थेट विचारलं, हे कोपरे खाली उतरवता येतील का? भाजलेले, फाटलेले चेहरे नीट करणारा माणूस; माझं ऐकून आधी हसलेच. मग म्हणाले, कोपरा सोडवून जरासा खाली टाक्यांनी बांधता येईल. धडधाकट डोळ्यांना कात्री लावतेस, तुला वेड लागलंय, असं आईने मला दहादा ऐकवलं. वडील मात्र ऑपरेशनच्या दिवशी रजा टाकून आले.

भूल फक्त डोळ्यांभोवती दिलेली, त्यामुळे मी टक्क जागी. मध्येच सर्जनांनी मला उठवून बसवलं, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहिलं आणि माझ्या हातात आरसा दिला.

"अजून उतरवू?"

"नको. थोडा तोरा राहू द्या."

सूज ओसरल्यावर मी ग्रंथपालांपुढे उभी राहिले आणि काउंटर परत मागितलं. ते बघतच राहिले. सोमवारपासून काउंटरवर बस, म्हणाले.

त्याच आठवड्यात ते स्वतः एक जाडजूड पुस्तक बगलेत मारून माझ्यासमोरून निघाले. मी नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "सर, कार्ड के बिना किताब नहीं जाएगी." रांगेतली पोरं माना वळवून बघायला लागली. ग्रंथपाल मात्र हसत हसत "हां जी, हां जी" म्हणाले, पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि कार्ड आणायला वर गेले. माझा आवाज तोच होता, जरबही तीच. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी पुस्तक माझ्याकडे ओढून घेतलं. आता हलवून दाखवा म्हणावं मला या खुर्चीवरून!