रांगोळीतला सारस

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतरच्या एका वर्षी, मोहाडीच्या कविसंमेलनात मला एक बाई दिसली. तिला बोलावलं होतं कविता वाचायला; पण बाई आहे, चित्रंही काढते, म्हणून आयोजकांनी तिला सकाळीच दारात रांगोळीला बसवलं. तिनं धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, अंड्यांवर बसलेला सारस काढला. राखेचं अंग, कुंकवाचं डोकं.

"मादी छान जमली," एक ज्येष्ठ कवी म्हणाले.

"नर आहे तो," ती मान वर न करता म्हणाली. "सारसाचा नर बी अंडे उबवते. माही कविता त्याच्यावरच आहे."

पाहुणे आले आणि फोटोसाठी नेमके सारसावर उभे राहिले. तिची पाळी शेवटी आली, तेव्हा हॉल जेवायला उठला होता. निवेदक म्हणाला, "बाई, दोन ओळीत आटपा."

ती मंचावर गेलीच नाही. दारातल्या फिसकटलेल्या रंगाकडे पाहत मला म्हणाली, "पुढच्या साली बलावलं तं बाभळीच्या काट्याईची रांगोळी काढीन."

पुढच्या वर्षी मी मुद्दाम गेलो. दारात कमळ होतं, आणि ते काढत होती दुसरीच एक कवयित्री.