न बसवलेलं बटण

‘न उलगडलेले अनुभव’ छापणाऱ्या या सदरातले अनुभव मी आजवर फक्त खोट काढायला वाचत आले. ‘तेव्हा झोप नीट झाली होती का?’ असं विचारणारी बाई मीच. आता शंका काढायची पाळी तुमची... खुशाल काढा. मी स्वतः काढून दमले.

मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. कंपनी पुण्याची, काम मुरुम गावातल्या घरून. सासूबाईंना (मी त्यांना आत्याबाई म्हणते) अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं, पण तोंडातून नुसता हुंकार. उजवा हातही गेला. त्यांना पाणी हवंय की पांघरूण, हे आम्ही अंदाजानं ओळखायचो आणि बहुतेक वेळा चुकायचो.

माझं काम डेटाबेसचं, वेबपेजं मी कधी केली नव्हती. शिकायला निमित्त मिळालं. जुन्या टॅबवर एक साधं पेज केलं. नऊ मोठी बटणं — पाणी, चहा, जेवण, औषध, संडास, पांघरूण, पंखा, दुखतंय आणि अनिल. अनिल म्हणजे माझा नवरा. बटण दाबलं की शब्द ऐकू येतो. ब्राउझरचा तयार आवाज एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा वाटला, म्हणून नऊ शब्द माझ्याच आवाजात रेकॉर्ड केले. कोड लिहून देणारं एक एआय टूल त्याच निमित्तानं वापरून पाहिलं. सगळं टॅबमध्येच साठवलेलं, इंटरनेट बंद. कोणतं बटण किती वाजता दाबलं, याची नोंदही त्यातच.

महिनाभर छान चाललं. मग एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आत्याबाईंचं सगळं करणाऱ्या शोभाबाई स्वयंपाकघरात आल्या.

“वहिनी, यंत्रात नवा शब्द भरला व्हय? आत्ता जळकोट म्हणलं.”

“कोण म्हणालं?”

“तुमीच की! तुमचाच आवाज.”

जळकोटचं नाव आमच्या घरात बारा वर्षं कुणी घेतलं नव्हतं. आत्याबाईंच्या धाकट्या बहीण, शांतामावशी, तिथं एकट्या राहायच्या. माझ्या नणंदेच्या लग्नात आहेराला मावशीचं नाव विहिणींच्या नंतर पुकारलं गेलं. सख्ख्या मावशीचा मान शेवटी! मावशी न जेवता मांडवातून उठल्या, त्या परत आल्या नाहीत. फोनही केला नाही.

मला पहिला संशय शोभाबाईंचा आला. पण त्यांना टॅब चालू करायलाही मी लागते. नोंद पाहिली — अकरा वाजून पाच मिनिटं, बटण क्रमांक नऊ.

“मग बरोबर आहे,” अनिल म्हणाला. “नऊ बटणं आहेतच की.”

“आमच्या कोडमध्ये शून्यापासून मोजतात. शून्य ते आठ, झाली नऊ. नऊ नंबरचं बटणच नाही.”

“एवढा पगार घेता तुम्ही लोक आणि एकपासून मोजता येत न्हाय?” मग डोळे बारीक करून, “तूच घातलंस ना? आईचा आणि मावशीचा समेट करायला?”

“मला दुसरे उद्योग नाहीत का? तुम्हीच घातलं असणार.”

दोघंही एकमेकांकडं चोरासारखं बघत जेवलो. जेवण झाल्यावर एआय टूलकडं मोर्चा वळवला. ही टूल्स न विचारता चार ओळी जास्त घालतात, हा माझा अनुभव. कोडची ओळ न् ओळ जुन्या प्रतीशी ताडून पाहिली. फरक नाही. आवाजाच्या फाइली नऊच. जळकोट हा शब्द कुठंच नाही.

दोन वाजता मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीतच बसले. टॅब स्टुलावर, पलंगापासून लांब, स्क्रीन काळी. आत्याबाईंचे दोन्ही हात गोधडीत.

“जळकोट.”

माझाच आवाज. ‘पाणी’ जसं म्हटलंय तसंच, शांत. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. घाबरून नाही... पाणी मागितल्यावर आम्ही चहा आणायचो, तेव्हा जशा बघायच्या तशा.

नणंदेकडून मावशींचा नंबर घेतला. चार वेळा नुसती रिंग गेली.

“तिथं जाऊन काय सांगायचं?” अनिल म्हणाला. “टॅबनं पाठवलं?”

“काही सांगू नका. गाडी काढा.”

येणेगूरला हायवेला लागलो, तिथून फार लांब नाही. मावशींच्या दाराला आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळी तुरीच्या रानात. अनिल मागच्या भिंतीवरून उतरला आणि त्याचं ओरडणं ऐकू आलं. मावशी न्हाणीत पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, अंगावर ओली साडी. हाका मारून घसा बसला होता. फोन आतल्या खोलीत. रात्र तिथंच गेली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

गाडीत त्यांनी विचारलं, “तुमाला सांगितलं कुणी?”

“तुझ्या अक्कानं,” माझ्याआधी अनिलच बोलला.

“अक्काला वाचा आली?” मावशींनी माझा हात घट्ट धरला. “माझं नाव घेतलं तिनं?”

मी मोकळ्या हातानं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं काय ते माहीत नव्हतं.

ऑपरेशननंतर मावशी आमच्याकडंच आहेत, आत्याबाईंच्या शेजारच्या पलंगावर. मावशी लग्नातल्या आहेराचा विषय काढतात, आत्याबाई ‘औषध’ दाबतात. मावशी म्हणतात, “बघा, अजून टोमणे मारतीया!”

टॅब मी दोन जाणकार सहकाऱ्यांना दाखवला. एक म्हणाला कॅश, म्हणजे ब्राउझरनं मागं साठवून ठेवलेलं काहीतरी वाजलं असेल, दुसरा म्हणाला मीच कधीतरी रेकॉर्ड करून विसरले असेन. दोन्ही तपासून झालं. मी विसरले नाही. मावशी अकराच्या सुमारास पडल्या, हा योगायोग म्हणा. मग दोन वाजताचं काय?

अनिल मागं लागलाय, जळकोटचं बटण आता घालूनच टाक. मी घातलेलं नाही, घालणारही नाही. एकदा ते बटण तिथं आलं, की पुढच्या वेळी वाजल्यावर ते दाबून वाजलं की न दाबता, हे मला कळणार कसं?